बचावलेले माकड आणि त्याचे परजीवी

लोणावळ्याच्या टायगर पॉइंटवर, कार्ल्याच्या एकवीरा देवीच्या पायऱ्यांवर आणि लोहगडाच्या वाटेवर पर्यटकांच्या हातातल्या कणसावर डोळा ठेवून बसलेली माकडे बहुतांशी बॉनेट मकाक या जातीची असतात. शास्त्रीय भाषेत ‘मकाका रेडिएटा’ म्हणून ओळखली जाणारी ही जात फक्त भारतीय द्वीपकल्पात आढळते आणि डोक्याच्या मध्यापासून चहूकडे पसरलेल्या केसांच्या टोपीवरून ती चटकन ओळखता येते. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे वानर त्याच डोंगरांत राहते, परंतु त्याचे पोट मुख्यतः पाल्यावर चालत असल्यामुळे ते माणसांच्या गर्दीला माकडाइतके चिकटलेले नसते. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग, बोरघाटातला लोहमार्ग, विजेच्या तारा आणि वाढत्या बंगल्यांची वस्ती यांच्यामुळे मावळात या दोन्ही प्राण्यांना इजा होण्याचे प्रसंग वरचेवर येतात आणि अशा प्राण्याला उचलून उपचारांसाठी नेणाऱ्या कार्यकर्त्यांच्या हाती तो एकटा कधीच येत नाही. त्याच्या केसांत, रक्तात आणि आतड्यांत राहणारी सारी सृष्टी त्याच्याबरोबर पिंजऱ्यात शिरते.

दुसऱ्या सजीवाच्या अंगावर किंवा अंगात राहून त्याच्याच जिवावर पोट भरणाऱ्या सजीवाला परजीवी म्हणतात आणि ज्याच्यावर तो जगतो त्याला पोशिंदा. उवा, गोचीड व खरजेचे किडे हे बाह्य परजीवी होत, तर जंत, आतड्यांतले एकपेशीय जीव आणि रक्तपेशींत वाढणारे हिवतापाचे जंतू हे आंतरपरजीवी होत. रानातल्या धडधाकट माकडाच्या पोटातही थोडेफार जंत असतात, ही बाब सर्वसामान्य वाचकाला विचित्र वाटण्याजोगी असली, तरी प्राणिशास्त्रात ती गृहीतच धरलेली असते. परजीवीला पोशिंदा मरून चालत नाही आणि पोशिंद्याची प्रतिकारशक्ती परजीवींची संख्या आटोक्यात ठेवते, त्यामुळे दोघांमध्ये हजारो पिढ्यांत एक प्रकारची तडजोड झालेली असते. म्हणूनच प्राणी बचाव केंद्रात विचारण्याचा प्रश्न माकडाला परजीवी आहेत की नाहीत हा नसतो. ते कोणते आहेत, किती आहेत आणि रानातून आले की माणसाकडून, हा खरा प्रश्न असतो, आणि याच प्रश्नाकडे आपल्याकडच्या बचावकार्यात पुरेसे लक्ष दिले जात नाही.

माकडांच्या परजीवींविषयी लोकांना जे ठाऊक असते ते उवांपुरते. दोन माकडे एकमेकांचे केस विंचरत बसलेली दिसली की ती उवा खात आहेत असे म्हटले जाते आणि या लोकसमजुतीत चांगलेच तथ्य आहे. जपानी मकाकांवर १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माकडे केसांतून वेचून तोंडात टाकतात त्या वस्तू जवळजवळ सगळ्याच लिखा, म्हणजे उवांची अंडी, असल्याचे आढळले होते. माकडांच्या अंगावरच्या पेडिसिनस या वंशाच्या उवा जन्मापासून मरेपर्यंत पोशिंद्याच्या केसांतच राहतात, तिथून बाजूला पडल्या तर फार काळ तग धरत नाहीत आणि माणसाच्या अंगावर त्यांचा संसार जमत नाही, त्यामुळे माकड हाताळणाऱ्याला त्यांची भीती बाळगण्याचे कारण नसते. उवांचे महत्त्व निराळे आहे. ज्या प्राण्याला कळपात केस विंचरून घ्यायला जोडीदार आहे त्याच्या अंगावर त्या कमी असतात आणि पिंजऱ्यात एकट्या ठेवलेल्या, अंग आखडून बसलेल्या जखमी माकडाच्या अंगावर त्या वाढण्याचा संभव असतो. जपानमधील यापुढच्या संशोधनाने चित्र आणखी गुंतागुंतीचे केले, कारण कळपाच्या सामाजिक जाळ्यात मध्यवर्ती असलेल्या माद्यांच्या अंगावर उवा कमी आढळल्या, परंतु याकुशिमा बेटावरील दुसऱ्या एका अभ्यासात अशाच मध्यवर्ती माद्यांच्या विष्ठेत जंतांची अंडी जास्त आढळली. जी जवळीक एका परजीवीला हुसकावते तीच दुसऱ्याला वाट करून देते, असा याचा अर्थ होतो.

जंतांची ही वाट कशी चालते हे समजण्यासाठी लोणावळ्याच्या एखाद्या पॉइंटवरचा दगडी कठडा नीट पाहणे पुरेसे आहे. शनिवार-रविवारी तिथे कणसे, वडापाव, चिप्स आणि चिक्कीचे तुकडे पडतात, सबंध कळप त्या दहा-पंधरा पावलांच्या जागेत गोळा होतो, तिथेच खातो, तिथेच मारामाऱ्या करतो आणि तिथेच विष्ठा टाकतो. मकाकाच्या गालांच्या आतल्या बाजूला अन्न साठवण्याच्या पिशव्या असतात आणि मारामारीच्या भीतीने माकड जमिनीवरचे कण चिखलमातीसकट त्या पिशव्यांत कोंबून पळते. रानात हाच कळप दिवसभर अन्न शोधत मोठ्या टापूत फिरतो, आज या उंबरावर तर उद्या त्या जांभळीवर असतो आणि आपल्या विष्ठेपासून आपोआप दूर जातो. कठड्यावर मात्र तो रोज तिथल्या तिथे येत राहतो. इसोफॅगोस्टोमम या आतड्यात गाठी करणाऱ्या गोलकृमीची अंडी विष्ठेतून बाहेर पडल्यावर त्यांतून अळ्या निघतात, ओल्या मातीत काही दिवसांत त्या संसर्गक्षम होतात आणि अन्नाबरोबर पुढच्या माकडाच्या पोटात जातात. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस झेलणाऱ्या, जून ते सप्टेंबर धुक्यात बुडालेल्या घाटमाथ्याची ओली, सावलीची जमीन अशा अळ्यांना उन्हाळ्यातल्या कोरड्या दगडापेक्षा अर्थातच अधिक मानवते, आणि पर्यटकांची सर्वांत मोठी गर्दीही नेमकी पावसाळ्यातच होते. स्ट्राँगिलॉइडिस फ्युलेबोर्नी नावाच्या सूक्ष्म कृमीच्या अळ्या तर याहून पुढे जाऊन ओल्या मातीतून थेट कातडीत शिरू शकतात आणि माकडांचा हा कृमी माणसातही वाढू शकतो, त्यामुळे माकडांच्या जागेवर अनवाणी फिरणे किंवा पिंजरा उघड्या हातांनी धुणे शहाणपणाचे नाही.

माणसाच्या सहवासाचा माकडांच्या पोटावर काय परिणाम होतो, याचा एक चांगला पुरावा सह्याद्रीच्याच दक्षिण टोकाकडून मिळालेला आहे. तमिळनाडूतील अनैमलै डोंगरांत चहा-कॉफीच्या मळ्यांनी वर्षावनाचे तुकडे करून टाकले आहेत आणि त्या तुकड्यांत सिंहपुच्छ माकडांचे कळप अडकून राहिले आहेत. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी या कळपांच्या विष्ठेची तपासणी करून २०१३ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार मानवी वस्तीजवळच्या कळपांत परजीवींचे प्रकारही अधिक होते आणि प्रमाणही अधिक होते. सिंहपुच्छ माकड मावळात नाही, तरीही वस्तीला खेटून राहणारा कळप, त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर उघड्यावर पडणारी घाण, कचऱ्याचे ढीग आणि भटकी कुत्री ही परिस्थिती बोरघाटाच्या माथ्यावर काही फार वेगळी नाही.

माकडाच्या अंगावरच्या परजीवींपैकी माणसाच्या जिवावर बेतू शकणारा परजीवी म्हणजे गोचीड, आणि त्याची कथा पुण्याशी जोडलेली आहे. १९५७ साली कर्नाटकातील तत्कालीन शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे व वानरे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या खेड्यांतली माणसे तापाने आजारी पडू लागली. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतला पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी शंका त्या वेळी घेण्यात आली, कारण त्या रोगातही आधी माकडे मरतात. रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने १९५२ साली पुण्यात स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्रातील, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील, शास्त्रज्ञांनी तपास केला तेव्हा तो पीतज्वर नसून गोचिडांतून पसरणारा एक नवाच विषाणू असल्याचे निष्पन्न झाले. हाच तो क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, मराठीत माकडताप. हिमाफिसॅलिस स्पिनिजेरा ही गोचिडांची जात त्याची मुख्य वाहक असून अर्धवट वाढ झालेली तिची पिल्ले साधारण हिवाळ्यापासून मेपर्यंत पाचोळ्यात मोठ्या संख्येने असतात आणि तीच माणसाला चावतात. महाराष्ट्रात २०१६ साली सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग परिसरात या रोगाची साथ आली आणि काजूच्या बागांत काम करणाऱ्या लोकांना तिची झळ बसली. त्याच्या आदल्याच वर्षी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातही रुग्ण आढळले होते.

या रोगात माकड जिवंत असताना जितके धोक्याचे असते त्यापेक्षा मेल्यावर अधिक धोक्याचे ठरते. शरीर थंड पडू लागताच त्यावरचे गोचीड उतरतात, आजूबाजूच्या पाचोळ्यात विखुरतात आणि पुढच्या पोशिंद्याची वाट पाहतात, त्यामुळे माकड मरून पडलेली जागा काही काळ संसर्गाचे केंद्र बनते. आरोग्य यंत्रणा म्हणूनच अशा जागेभोवती कीटकनाशक भुकटी फवारते आणि मृत माकडाला हात न लावण्याचे बजावते. आपल्या खेड्यांत मात्र मेलेल्या वानराला मारुतीचे रूप मानून हळद-कुंकू वाहण्याची, त्याला अंघोळ घालून खांद्यावरून मिरवत नेण्याची आणि दशक्रिया विधी करण्याची रीत आहे. त्या रीतीमागचा भाव निर्मळ असला तरी पार्थिव कुशीत घेणे, त्याच्याजवळ पोरांना बसवणे या गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत. रस्त्यावर मेलेले माकड गाडीच्या धडकेने मेले की आजाराने, हे वरून पाहणाऱ्याला कळत नाही, आणि शवविच्छेदनाशिवाय ते ठरवताही येत नाही. त्यामुळे वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवून अंतर राखणे हा मावळातही योग्य मार्ग होय.

जिवंत प्राण्याच्या बाबतीत काम अधिक नाजूक असते. मावळात वन विभागाच्या जोडीने ‘वन्यजीव रक्षक मावळ’सारख्या संस्थांचे कार्यकर्ते जखमी प्राणी उचलतात आणि पुणे परिसरात बावधन येथे वन विभाग व रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट यांच्या सहभागातून चालणारे वन्यप्राणी उपचार केंद्र आहे. फांदीवरून पडलेले, विजेचा झटका बसलेले किंवा कुत्र्यांनी फाडलेले माकड अशा ठिकाणी येते, तेव्हा साहजिकच सगळ्यांचे लक्ष जखमेवर असते. परंतु भीती, वेदना, कळपापासून तुटणे आणि अनोळखी अन्न यांमुळे प्राण्याच्या शरीरात ताणाची संप्रेरके वाढतात, प्रतिकारशक्ती खालावते आणि इतके दिवस मुकाट्याने राहिलेले परजीवी डोके वर काढतात. हाड जुळत आलेले असताना जुलाब लागून प्राणी खंगत जातो, त्यामागे कित्येकदा हेच असते. म्हणून नव्याने आलेल्या माकडाला इतरांपासून वेगळे ठेवणे, त्याची भांडी, झाडू आणि शक्य तर त्याची देखभाल करणारा माणूसही वेगळा ठेवणे, आणि याच काळात विष्ठेची तपासणी करणे हा उपचारांचाच भाग मानावा लागतो.

ही तपासणी महागडी नाही. ताज्या विष्ठेचा हरभऱ्याएवढा तुकडा मिठाच्या संपृक्त द्रावणात, म्हणजे आणखी मीठ विरघळणार नाही इतक्या खारट पाण्यात, कालवून गाळला जातो आणि ते पाणी नळीत काठोकाठ भरून वर काचेची पातळ चकती ठेवली जाते. जंतांची अंडी या जड पाण्यापेक्षा हलकी असल्यामुळे काही मिनिटांत तरंगत वर येऊन चकतीला चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली चाबूककृमीचे अंडे दिसले की ते विसरता येत नाही, कारण तपकिरी रंगाच्या इवल्याशा पिंपाला दोन्ही तोंडांशी पारदर्शक बुचे बसवावीत तसा त्याचा घाट असतो. इसोफॅगोस्टोममचे अंडे लांबट, पातळ कवचाचे आणि आत पेशींचा पुंजका असलेले असते, तर स्ट्राँगिलॉइडिस फ्युलेबोर्नीच्या अंड्यात अळी आधीच वेटोळे घालून बसलेली असते आणि ती काही तासांतच बाहेर पडत असल्यामुळे नमुना ताजा असणे फार महत्त्वाचे असते. काही परजीवींची अंडी जड असल्याने तरंगत नाहीत, ती तळाशी बसवून पाहावी लागतात, तर जिआर्डिया, एन्टामीबा यांसारख्या एकपेशीय जीवांसाठी निराळ्या पद्धती वापरल्या जातात. अंडी रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाहीत, म्हणून एक नमुना स्वच्छ निघाला तरी निर्धास्त होता येत नाही आणि काही दिवसांच्या अंतराने पुन्हा पाहावे लागते.

परजीवी सापडले की औषध द्यायचे, हे वरवर सरळ दिसणारे उत्तर वन्यप्राण्याच्या बाबतीत पुरेसे ठरत नाही. आयव्हरमेक्टिन अनेक गोलकृमींवर तसेच खरजेच्या किड्यांवर आणि उवांवर चालते, पण चाबूककृमी त्याला सहसा पुरता बधत नाही आणि त्यासाठी फेनबेन्डॅझोलसारखे औषध काही दिवस द्यावे लागते. मात्रा पशुवैद्यकाने प्राण्याच्या वजनावरून ठरवायची असते, आणि घरच्या कुत्र्याचे औषध अंदाजाने माकडाला पाजण्याची हौस कोणी करू नये. याहून महत्त्वाचा मुद्दा असा की बरे झालेले माकड परत जाते ते त्याच रानात, त्याच मातीत आणि त्याच जंतांमध्ये. त्याला पूर्णपणे निर्जंत करून महिनोन्‌महिने सिमेंटच्या खोलीत ठेवले, तर ओळखीच्या परजीवींशी झुंजण्याची त्याची सवय मोडण्याची शक्यता असते. आजार निर्माण करणारा भार उतरवणे आणि माणसाकडून आलेला परजीवी शोधून काढणे, एवढे साधले तर औषधाचे काम झाले, असे म्हणता येईल.

माणसाकडून माकडाकडे होणारा हा उलटा प्रवास सर्वांत जास्त घडतो तो अनाथ पिल्लांच्या बाबतीत. आई गाडीखाली गेलेले आणि तिच्या पोटाला बिलगलेले पिल्लू कोणी घरी नेते, बाटलीने दूध पाजते, लहान मुले त्याला कडेवर घेतात, त्याची चित्रफीत मोबाइलवर फिरते आणि काही महिन्यांनी ते चावू लागले की त्याला केंद्राच्या दारात आणून सोडले जाते. तोपर्यंत त्या घरातल्या माणसांचे आणि कुत्र्यामांजरांचे एकपेशीय जीव त्याच्या आतड्यात जाऊन बसण्याला भरपूर वाव मिळालेला असतो. परजीवी नसले तरी क्षयाचे जंतूही याच वाटेने जातात, आणि क्षय झालेले एक माकड सबंध केंद्राला अडचणीत आणू शकते. पिल्लाला हाताळणाऱ्याने हातमोजे व मुखपट्टी वापरावी, या सूचनेत माणसाइतकाच पिल्लाचाही बचाव आहे.

सोडून देण्याची वेळ येते तेव्हा परजीवींचा प्रश्न भूगोलाचा होतो. उपद्रवी माकडे एका गावातून पकडून दुसऱ्या डोंगरात सोडण्याची मागणी कोकणात फळबागांच्या नुकसानीमुळे आणि पर्यटनस्थळी चाव्यांमुळे होतच असते. अशा स्थलांतरात माकडांचे जंत, गोचीड आणि रक्तातले परजीवीही नव्या टापूत जातात, जिथल्या कळपांना त्यांची कदाचित ओळखही नसते. दक्षिण भारतातील मकाकांच्या रक्तात हिवतापाचे त्यांचे स्वतःचे जंतू सापडलेले आहेत आणि ते विष्ठेच्या साध्या तपासणीत सहसा दिसत नाहीत, त्यासाठी रक्ताचा थेंब तपासावा लागतो. त्यातच जातींचा घोळ असतो. पश्चिमेकडे तापी आणि पूर्वेकडे गोदावरी ही उत्तरेकडील रीसस मकाक व दक्षिणेकडील बॉनेट मकाक यांच्या प्रदेशांची ढोबळ सीमा मानली जात असे, परंतु रीसस दक्षिणेकडे सरकत असून बॉनेटचा प्रदेश आक्रसत असल्याचे प्राणिशास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवून दिले, आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या लाल यादीत बॉनेट मकाकाची गणना आता असुरक्षित जातींत होते. पकडलेले रीसस माकड चुकून बॉनेटच्या कळपाजवळ सोडले गेले, तर जागेसाठीच्या स्पर्धेबरोबर परजीवींची देवाणघेवाणही सुरू होते.

म्हणून लोणावळ्यात उचललेले माकड बरे झाल्यावर शक्यतो जिथून उचलले त्याच टापूत, त्याच्या कळपाच्या फिरण्याच्या हद्दीत सोडणे हे केवळ त्याच्या सामाजिक सोयीसाठी नसते. त्यासाठी ते नेमके कोणत्या वळणावर, कोणत्या कळपाजवळ सापडले याची नोंद पहिल्याच दिवशी, जखमेच्या वर्णनाच्या वरच्या ओळीत व्हायला हवी. विष्ठेच्या तपासणीचे निष्कर्ष त्याच कागदावर नोंदवून ते वर्षानुवर्षे जपले, तर कार्ल्याच्या पायऱ्यांवरच्या कळपात आणि राजमाचीच्या रानातल्या कळपात काय फरक आहे, पावसाळ्यात कोणता जंत वाढतो आणि कोणत्या पॉइंटवर खाऊ घालणे आधी थांबवले पाहिजे, हे अंदाजाने सांगण्याची गरज राहणार नाही. शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था मावळापासून फार लांब नाहीत, आणि ताज्या विष्ठेचा हरभऱ्याएवढा नमुना गोळा करायला माकड पकडावेही लागत नाही.